मापावरची शीग

"चमचा सपाट भरायचा हं सर, वर शीग नको," औषधाच्या दुकानातला माणूस म्हणाला. बोलता बोलता त्यानं डब्याचं झाकण उघडलं, आतला चमचा पांढऱ्या पावडरीत खुपसून वर काढला आणि माझ्यासमोर धरला. चमच्यावर छोटासा ढीग उभा होता. गळ्यातलं ओळखपत्र त्यानं चमच्याच्या काठावरून आडवं फिरवलं, तसा ढीग डब्यात परत पडला. "हे एवढंच द्यायचं. शीग लावून दिलंत की सव्वापट औषध पोटात जातं. लोकांना वाटतं, चमचा तो चमचा. विचारलं तर शपथेवर सांगतात, रोज एकच चमचा दिला म्हणून. बरं, ते खोटंही नसतं." मी मान डोलावली. बायकोच्या मूत्रपिंडांसाठी डॉक्टरांनी हे औषध नव्यानं लिहून दिलं होतं आणि ते कसं द्यायचं एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. पिशवी उचलली, दुकानाच्या दोन पायऱ्या उतरलो आणि तिसरीवर थांबलो. कारण कळायच्या आधी थांबलो, हे मला नीट आठवतंय, कारण आठवणीच्या बाबतीत आजकाल मी स्वतःवर पाळत ठेवून असतो. मागून तो ओरडला, "सर, बरं वाटतंय ना?" मी न वळता हात वर केला आणि चालायला लागलो.

मी मुळातच भित्रा माणूस आहे. लिफ्टची भीती वाटते, मोकळ्या कुत्र्यांची वाटते, अवेळी वाजणाऱ्या फोनची वाटते, आणि तरुणपणी मोठ्या सरांच्या खोकल्याची वाटायची. फक्त आकड्यांची कधी वाटली नाही. आकडे म्हणजे माझं माहेर. चारचौघांत मला बोलता यायचं नाही, पण कुणी एक तक्ता पुढे टाकला की मी सुटायचो. मी अर्थशास्त्र शिकलेला इतिहासकार आहे, किंवा इतिहासात घुसलेला अर्थशास्त्रज्ञ. विद्यापीठातल्या दोन्ही विभागांनी मला दुसऱ्याच्या गळ्यात मारायची खटपट माझ्या निवृत्तीपर्यंत केली. माझं नाव झालं ते एका पुस्तकामुळे. एका जुन्या बंदराच्या धान्यबाजारात दर शनिवारी बाजाराचा कारकून एका माप धान्याचा भाव रजिस्टरात लिहायचा. एकतीस वर्षं, सोळाशे बारा शनिवार. त्यातली तीन वर्षं जबरदस्त टंचाईची. त्या तीन वर्षांत बंदरातला दर सहावा माणूस मेला, मृत्यूंच्या नोंदी वाचताना अंगावर काटा येतो. आणि भाव मात्र जागचा हलत नाही. बारा, बारा, सव्वाबारा, बारा. सगळे इतिहासकार तोवर सांगत आले होते की धान्य महाग झालं म्हणून माणसं मेली. मी एकोणतीस वर्षांचा पोरगा उभा राहिलो आणि म्हणालो, महाग झालंच नव्हतं, हे बघा. 'बाजारानं माणसं मारली नाहीत, तापानं मारली,' हे माझं वाक्य. त्या वाक्यानं मला नोकरी दिली, खुर्ची दिली, हे घर दिलं, आणि टोपणनावही दिलं. वर्गात मी फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भावाची आडवी रेघ ओढायचो आणि खडू ठेवून अभिमानानं वळायचो, म्हणून मुलं मला रेघसर म्हणायची. रेघेला आणि सरांच्या शिकवण्याला, दोन्हीला चढउतार नाही, असंही म्हणायची. ते मला ऐकू यायचं.

आता सिग्नलपाशी उभं राहून मी स्वतःला विचारत होतो, की माप म्हणजे काय? कारकून 'एक माप' लिहायचा. लाकडी, लोखंडी पट्टीचं, आठ बोटं खोल. त्याचं चित्र माझ्या पुस्तकाच्या चौथ्या पानावर आहे. पण ते भरायचे कसे? शीग लावून, म्हणजे वर ढीग मावेल तितका ठेवून, की फळी फिरवून सपाट? शीग लावलेल्या मापात चौथा हिस्सा धान्य जास्त बसतं. टंचाईच्या आधी शीग लावत असतील आणि टंचाईत फळी फिरवत असतील, तर भाव तोच राहून धान्य महाग झालं. भाव वाढवला तर दुकानावर दगड पडतात. माप कमी केलं तर लोक नशिबाला बोल लावतात. हे कुणाही पहिल्या वर्षाच्या मुलाला सुचायला हवं. मला बेचाळीस वर्षांत सुचलं नाही? सिग्नल हिरवा झाला, लोक मला धक्के देत पुढे गेले, पुन्हा लाल झाला. भीती चूक झाल्याची नव्हती. चुका सगळ्यांच्या होतात, मीही लोकांच्या काढल्यात, चवीनं काढल्यात. भीती होती ती 'सुचलं नाही' या शब्दांची. ते शब्द मनात उच्चारले की आत कुठंतरी कुणीतरी दाराआड उभं राहून श्वास रोखतंय असं वाटत होतं.

आणि नेमकं उद्या. उद्या अकरा वाजता मला समितीपुढे साक्ष द्यायची होती. सरकारची धान्यकोठारं आहेत चारशे बारा, टंचाई पडली तर असावं म्हणून साठा ठेवणारी. ती बंद करावीत की ठेवावीत हे ठरवायला ही समिती नेमली होती, आणि ती बंद करावीत असं म्हणणाऱ्यांच्या हातात माझं पुस्तक होतं. कोठारं नसताना, भयंकर टंचाईतही बाजारानं भाव सांभाळला, हे एका थोर विद्वानानं सिद्ध केलंय, असं ते सांगायचे. मी थोर नाही हे मला ठाऊक होतं, पण कुणी म्हटलं तर मी कधी अडवलंही नव्हतं.

घरी आलो तर बायको शब्दकोडं घेऊन खिडकीपाशी बसली होती. आम्ही एकाच वर्गातले, त्यामुळे आमच्यात 'अहो'ची वेळ कधी आलीच नाही. तीही बाजारावरच काम करत होती. तिचा प्रबंध अर्ध्यावर राहिला, माझा पुरा झाला. कसा राहिला हे विचारलं तर ती म्हणायची, एका घरात दोन प्रबंध म्हणजे जेवण कोण करणार? आणि आम्ही दोघंही त्यावर मनापासून हसायचो. मी पेल्यात पाणी घेतलं, चमचा भरला, सुरीची पाठ वरून फिरवली. थोडी पावडर ओट्यावर सांडली.

"एवढं काय रे त्यात?" ती म्हणाली. "चमचाभर पावडर मिसळायची, तर चेहरा असा केलायस, जणू मला विषच देतोयस."

"सपाटच द्यायचा असतो," मी म्हणालो. "शीग लावून नाही."

तिनं पेला हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, निदान मला तरी तसं वाटलं. मग डोळे मिटून एका दमात पिऊन टाकलं, आणि तोंड वाकडं करून पुन्हा कोड्यात डोकं घातलं.

अभ्यासिकेत जाऊन मी दार लावून घेतलं. वह्या वरच्या फळीवर होत्या, स्टुलावर चढून काढल्या. निळ्या पुठ्ठ्याच्या सव्वीस वह्या, प्रत्येक पानावर दोनच रकाने, तारीख आणि भाव. हे रकाने मोठ्या सरांनी घालून दिलेले. ते माझे मार्गदर्शक, आणि त्यांचा हुकूम असा होता की आकडे आधी, शब्द नंतर. "तिसरा रकाना आखलास की मेलास," ते म्हणायचे. "तिसऱ्या रकान्यात लोक हवापाणी लिहायला लागतात, कारकुनाच्या घरची भांडणं लिहायला लागतात, आणि म्हातारे होतात." त्या काळी आम्हाला फार चलाख वाटायचं ते. शब्द म्हणजे जुन्या इतिहासकारांचा पाल्हाळ. आम्ही नवे, आम्ही मोजणार. मी एकविसावी वही उघडली. टंचाईचं पहिलं वर्ष. अक्षर माझं नव्हतं. गोल, उजवीकडे झुकलेलं, पाचाच्या आकड्याला छोटी शेपटी. बाविसावी, तेविसावी, तेच अक्षर. मला ते माहीत नव्हतं असं नाही, प्रस्तावनेच्या शेवटी मी तिचे आभार मानले आहेत, 'काही नोंदी उतरवून घेण्याच्या कामी' असे शब्द आहेत. पण नेमकी हीच तीन वर्षं तिनं उतरवली हे मी विसरलो होतो. माणूस असं विसरतो का? क्षणभर मला हायसं वाटलं. ती टंचाईची रजिस्टरं माझ्या नजरेखालून गेलीच नव्हती, मी फक्त वहीतले आकडे घेतले होते, मग मला कळणार कुठून? आणि लगेच त्या हायशा वाटण्याचीच भीती वाटली, कारण आपल्याला नेमकं काय ऐकायचं आहे ते मला त्यातून कळलं होतं.

फोन वाजला. समितीचा सचिव होता, तरुण, अदबशीर, प्रत्येक वाक्यात एकदा 'सर' म्हणणारा. "सर, उद्याचं नक्की ना सर? गाडी पाठवू का सर?" मी नको म्हणालो. "सर, अध्यक्ष फक्त दहाएक मिनिटं घेतील. तुमच्या निष्कर्षावर तुम्ही ठाम आहात, एवढं नोंदवून घ्यायचंय, बाकी सगळं तुमच्या पुस्तकात आहेच. आणि सर, अहवालाच्या मसुद्यात पहिल्याच पानावर तुमचं ते तापाचं वाक्य घेतलंय." मी विचारलं, कोठारं बंद झाली आणि टंचाई पडली तर? तो गोंधळला नाही. "तेच तर सर," तो म्हणाला. "तुम्हीच तर दाखवलंय, काही होत नाही म्हणून." मी फोन ठेवला. चारशे बारा कोठारं मी आयुष्यात पाहिली नव्हती, एकही पाहिलं नव्हतं. त्यांच्या दारांशी पुढे कधीतरी रांगा लावणारी माणसं मला दिसायला लागली, आणि त्यांना चेहरे नव्हते, हे जास्त भयंकर होतं, कारण ती माणसं अजून ठरायची होती.

दुपारी 'जरा ग्रंथालयात जाऊन येतो' म्हणून निघालो तो सरळ दप्तरखान्यात गेलो. वीस मिनिटांच्या अंतरावर असलेल्या त्या इमारतीत मी गेली अठरा वर्षं पाऊल टाकलं नव्हतं. मला वाटायचं, आपलं काम झालंय म्हणून टाकलं नाही. वाचनाच्या खोलीत तेच लांब टेबल, तेच हिरव्या कापडाचे उतरते आधार, खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचांना तोच पांढरा रंग. टेबलामागची बाई नवी होती. तिनं मागणीची चिठ्ठी वाचली, नाव वाचलं आणि उठून उभी राहिली. "सर, तुम्ही? आम्हाला अभ्यासाला होतं तुमचं पुस्तक." मग संकोचून म्हणाली, "पेन तेवढं इथं ठेवा सर, आता आत पेन्सिलच चालते." मी गुन्हेगारासारखे खिसे रिकामे केले.

रजिस्टर आलं. कातडी बांधणीचं, कडा खाल्लेलं, मांडीवर घेतलं तर पाय बधीर होतील इतकं जड. मी तळवे त्यावर ठेवून बसलो. माझी योजना अशी होती की पहिल्या पानापासून शांतपणे एकेक शनिवार बघत जायचं. घड्याळात सव्वातीन झाले होते आणि पाच वाजता खोली बंद होत होती, म्हणजे वेळ होता. मी रजिस्टर उघडलं. पहिलं पान उघडलंच नव्हतं. माझ्या बोटांनी जाडी चाचपून, मधल्या दोनशे पानांना बगल देऊन, ते थेट एका शनिवारावर उघडलं होतं, आणि समासात, भावाच्या आकड्याशेजारी, कारकुनाच्या बारीक हातानं लिहिलं होतं: 'आजपासून मापावर शीग नाही. फळी फिरवून देणे.' बारा लिहिलेल्या आकड्याची शाई आणि या शब्दांची शाई एकच होती. मग मी पुढे गेलो. आता मी पानं उलटत होतो की पानं मला ओढत होती कोण जाणे. दुसरी नोंद पुढल्या वर्षाची: 'माप एक बोट उणे.' तिसरी त्याच्या पुढली, आणि इथं कारकुनाचा हात कापला असावा, कारण अक्षर ओळ सोडून खाली घसरलं होतं: 'दोन बोटे उणे. लोक काही बोलत नाहीत.' पेन्सिलीनं चिठ्ठीच्या पाठीवर मी हिशेब केला. तो करायला कागद लागत नव्हता, पण हातांना काहीतरी काम हवं होतं. शीग गेली, बाराचे पंधरा झाले. आठातलं एक बोट गेलं, सतराच्या वर गेले. दुसरं गेलं, वीस. माझी आडवी रेघ जिन्यासारखी वर चढत गेली. ताप आला असेलच, उपाशी माणसांना तो येतोच. दर सहावा माणूस बाराच्या नावानं वीसच्या भावाचं धान्य घेता घेता मेला, आणि बेचाळीस वर्षं मी त्यांच्या उशाशी उभा राहून महागाई नव्हती असं सांगत होतो.

पण मला घाम फुटला होता तो यासाठी नाही. बोटांना पान कसं माहीत? ती बाई दोनदा येऊन गेली, "सर, पाणी आणू?" म्हणाली. मी म्हणालो, नको. खिडकीच्या पांढऱ्या काचेकडे बघत राहिलो. या खोलीत आम्ही दोघं बसायचो, लग्नाआधी, शेजारी शेजारी नव्हे, कारण तेव्हाचा टेबलामागचा म्हातारा कुरकुरायचा. ती टेबलाच्या त्या टोकाला, मी खिडकीजवळ. तिच्या फिक्या रंगाच्या स्वेटरची बाही शाईनं माखलेली असायची. एवढं दिसत होतं. बाही दिसत होती, मग त्या बाहीतला हात काहीतरी जड उचलून माझ्याकडे येताना दिसायला लागला, आणि तिथं मी रजिस्टर मिटलं. मिटताना इतका आवाज झाला की टेबलावरच्या सगळ्यांनी वर पाहिलं.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळेला घरी पोचलो. ती तिथंच बसली होती, कोडं संपलं होतं.

"एक विचारू?" मी म्हणालो.

"विचार की. पण असा उभा राहून नको, पोलिसासारखा."

मी बसलो. "त्या वह्या. टंचाईच्या वर्षांच्या. उतरवताना समासात काही दिसलं होतं का तुला?"

तिनं चष्मा काढला. घाईघाईनं नाही, आधी एक काडी, मग दुसरी. "आज विचारतोयस," ती म्हणाली. "दिसलं होतं ना. दाखवलंही होतं तुला. रजिस्टर जागेवरून हलवायची बंदी होती, तरी मी उचलून तुझ्याकडे आणलं. माझा हात भरून आला होता. तू वाचलंस."

"मी काय म्हणालो?"

"आधी काही नाही. मग विचारलंस, असं किती ठिकाणी आहे? मी म्हटलं, तीन. तू नखं खात बसलास. बराच वेळ. मग म्हणालास, आकडे आधी उतरवून घेऊ, शब्दांचं नंतर बघू."

"आणि नंतर?"

"नंतर आपलं लग्न झालं," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, बराच वेळ ते चाललं होतं. मला वाटत होतं की ते थांबू नये, थांबलं तर मला काहीतरी बोलावं लागेल. मी विचारलं, "तू पुन्हा कधी का नाही काढलंस?"

"काढलं असतं तर तुझा प्रबंध गेला असता. मोठ्या सरांनी तुला दारात उभं केलं नसतं, आणि तू असा घाबरलेला होतास की... जाऊ दे. मला वाटलं, पुस्तकात तरी एखादी टीप देईल. पहिली आवृत्ती आली ती मी शेवटाकडून वाचली, टिपा आधी. दुसरी आली, तीही तशीच. सहा आवृत्त्या झाल्या तुझ्या. लोक मला म्हणायचे, कमाल आहे बाई, नवऱ्याचं पुस्तक दर वेळी नव्यानं वाचता."

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला, की हिनं इतकी वर्षं मला माझ्याच घरात नजरकैदेत ठेवलं. मग तो राग जिथून आला होता तिथंच विरून गेला आणि फक्त भीती उरली. आता ती सबंध होती, तिला कुठं फट नव्हती. मला सगळं आठवत होतं. त्या दिवशी खिडकीपाशी ऊन होतं, माझ्या तोंडाला नखाची चव होती, आणि मला अगदी स्पष्ट समजलं होतं की हे तीन ठिकाणचे शब्द घेतले तर माझ्याकडे काहीच उरत नाही. तेव्हा मी ते खाली ठेवून दिले. विसरणं नंतर आलं, ते सोपं होतं.

"उद्या सांग," ती म्हणाली. "सगळं सांग. ती कोठारं बंद झाली तर मला झोप लागायची नाही."

"विचारतील, केव्हा कळलं म्हणून."

"विचारतीलच."

"मला भीती वाटते."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली, आणि या वेळी तिचा आवाज मऊ झाला. "मी येते उद्या. बसायला खुर्ची असेल ना? मग झालं तर."

समितीची खोली मला वाटली होती त्यापेक्षा लहान निघाली. घोड्याच्या नालेसारखं टेबल, सात माणसं, सातांपुढे पाण्याच्या बाटल्या, आणि मागे भिंतीलगत खुर्च्यांच्या दोन रांगा. बायको मागच्या रांगेत टोकाला बसली, पर्स मांडीवर घेऊन. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे, हळू बोलणारे होते. त्यांनी माझं स्वागत केलं, माझं पुस्तक त्यांनी ऐन उमेदीत वाचलं होतं असं सांगितलं आणि विचारलं, "तर सर, आपण आपल्या निष्कर्षावर ठाम आहात?" मी म्हणालो, "नाही." सचिवाचा हात लिहिता लिहिता थांबला. मग मी बोलत गेलो. शीग, फळी, एक बोट, दोन बोटं, बाराचे वीस. आकडे निघाले तसा आवाज सापडला. पंधरा मिनिटं मी बोललो, आणि आयुष्यात इतकं चांगलं कधी बोललो नसेन. ते वाक्य अहवालातून काढून टाका, म्हणालो, ते खोटं आहे, माणसं धान्य महाग झालं म्हणूनच मेली. अध्यक्षांनी डाव्या उजव्या बाजूला पाहिलं आणि सचिवाला म्हणाले, "मसुदा मागे घ्या. या साक्षीनंतर तो तसा ठेवता येणार नाही." माझ्या पाठीवरून कुणीतरी पोतं उतरवून घ्यावं तसं झालं. मी मागे वळून पाहिलं. ती हसत होती, ओठ न उघडता, डोळ्यांनी.

"विद्वत्तेत असा प्रामाणिकपणा मी क्वचित पाहिला," अध्यक्ष म्हणाले. "आपल्या हे केव्हा लक्षात आलं?"

इथं एक क्षण होता. तो खरंच होता, लांबरुंद, माणसाला आत पाऊल टाकून फिरून येता यावं इतका ऐसपैस. सातही जण माझ्याकडे आदरानं बघत होते, आणि तसं मला फार दिवसांत कुणी बघितलं नव्हतं.

"काल," मी म्हणालो. "औषधाच्या दुकानात." आणि मी त्यांना ती गोष्ट सांगितली. त्यांना ती आवडली. एक सदस्य तर मान हलवत म्हणाले, वा!

"पण मग मूळ नोंदी उतरवताना हे कसं निसटलं?" अध्यक्षांनी विचारलं, नुसत्या कुतूहलानं, ठपका ठेवायचा म्हणून नव्हे. "इतक्या ठळक नोंदी. आपण स्वतः उतरवल्या होत्या?"

"त्या तीन वर्षांच्या नव्हत्या," माझं तोंड म्हणालं. "त्या दुसऱ्या कुणी उतरवल्या."

"कुणी?"

"माझ्या बायकोनं."

खोलीत एक हलकी कुजबूज झाली, जवळजवळ मायेची. कुणीतरी हळूच भिंतीकडे बोट दाखवलं, अध्यक्षांनी मान उंच केली. "बाई, आपण आलाच आहात का? आपल्याला काही सांगायचंय?"

ती उठून उभी राहिली. उठताना पुढच्या खुर्चीची पाठ तिला धरावी लागली. तिनं अध्यक्षांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. वाट बघत होती. मला बोलायला जितका वेळ लागला असता तितका सगळा वेळ तिनं मला दिला, वर थोडा जास्त दिला. मी समोरच्या बाटलीचं झाकण घट्ट करत होतो, ते आधीच घट्ट होतं.

"हो," ती म्हणाली. "माझ्याकडूनच सुटलं ते. मला वाटलं, त्याचं काही काम नसेल."

"असू दे, असू दे," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "बेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा तुमचं लक्ष नोंदींपेक्षा नोंदी उतरवायला सांगणाऱ्याकडे जास्त असेल."

सगळे हसले. मीही हसलो.